‘पिशवी काढली’ असं लिहायला कचरू नका: धीट कवितेबद्दल आणि चित्राबद्दल

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंचा हा प्रश्न आहे. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. आईचं गर्भाशय ऐन तरुणपणी काढलं गेलं. त्यावर बाईंनी कवितांची आणि चित्रांची मालिका केली आहे आणि जिल्ह्याच्या गावी तिचं प्रदर्शन मांडायचा विचार आहे. ज्यांनी काम पाहिलं ते म्हणाले, “छान आहे, पण अजून बोल्ड हवं.” म्हणजे नेमकं काय करायचं, असं त्या विचारतात. शिव्या लिहायच्या का? नग्न बाई रंगवायची का? नातेवाईक काय म्हणतील? कुणी पोलिसात गेलं तर? सोबत त्यांनी एक कविता आणि दोन चित्रांचे फोटो पाठवले आहेत.

मी स्वतः चित्रं काढते, कविता लिहिते आणि एका दिवाळी अंकाचा कविता-विभाग बरीच वर्षं पाहते आहे. त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. पण बाई, तुमच्या प्रश्नात त्याचं उत्तर तुम्हीच अर्धं लिहून ठेवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या कवितेतल्या या ओळी पाहा:

कुशीच्या गाभाऱ्यात आता
काळोखाचे निर्माल्य
ममतेच्या दीपाविना
उजाड हे राउळ

आणि आता प्रश्न विचारताना तुम्ही सहज लिहून गेलात ते पाहा: “आईची पिशवी काढली तेव्हा मी सातवीत होते. टाके नीट सुकले नव्हते तोवर टोळी निघाली. उचल फिटली नव्हती म्हणून आई पण गेली.”

ही तीन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. कवितेत गाभारा आहे, निर्माल्य आहे, दीप आहे, राउळ आहे. चारही शब्द देवळातले. तुमच्या घरातला एकही नाही. प्रश्नात मात्र पिशवी आहे, टाके आहेत, टोळी आहे, उचल आहे. त्याहून मोठा फरक पुढे आहे. ‘उजाड हे राउळ’ असं तुम्ही म्हणता, पण ते उजाड कुणी केलं? कवितेत कुणीच काही केलेलं नाही. सगळं आपोआप झालंय, ऋतू बदलावा तसं. आणि तुम्हाला ठाऊक आहे की ते आपोआप झालेलं नाही. एका डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं, मुकादमाने उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दिलेली होती, नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात त्यातला अर्धा कोयता पाळीच्या दिवसांत घरी बसला तर खाडा पडतो, तो पैशांनी भरावा लागतो. या सगळ्यांचे हात त्या ऑपरेशनला लागले आहेत. कवितेने ते हात झाकून टाकले.

लोक ‘बोल्ड हवं’ म्हणतात तेव्हा त्यांना हीच उणीव जाणवत असते असं मला वाटतं. नेमका शब्द सापडत नाही म्हणून ते तो शब्द वापरतात. मी कविता तपासायला घेते तेव्हा प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने लिहिते, ‘कोण?’ कुणी केलं, कुणी पाहिलं, कुणी गप्प बसलं. ज्या ओळीला उत्तर नाही ती ओळ बहुतेक वेळा घाबरून लिहिलेली निघते. तुमची सगळी वही घेऊन हे एकदा करा. धीटपणा विषयात आधीच आहे. तो वाक्यात उतरायचा राहिलाय.

आता शिव्यांचं. मराठीत धीट कविता म्हटली की ‘गोलपिठा’ आठवतो आणि आठवायलाच हवा. १९७२ साली नामदेव ढसाळांनी कामाठीपुऱ्याची भाषा कवितेत आणली तेव्हा त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती, आणि मध्यमवर्गीय वाचकाला त्यातले कितीतरी शब्द परके होते. पण ते शब्द ढसाळांनी धक्का द्यायला बाहेरून आणलेले नव्हते. त्या वस्तीत माणसं एकमेकांशी तशीच बोलत होती, ढसाळ तिथेच वाढले होते. त्यानंतर शेकडो जणांनी त्या शब्दांची नक्कल केली. दिवाळी अंकाकडे अजूनही दरवर्षी तशा कविता येतात, आणि तिसऱ्या ओळीला कळतं की हा माणूस त्या गल्लीतून कधी चाललेला नाही. तुमच्या आईच्या तोंडी शिवी असेल, फडातल्या भांडणात ती आली असेल, तर ती तशीच लिहा, अक्षर गाळून टिंबं देऊ नका. नसेल तर एकही नको. तुमच्या भागात बाया ‘पिशवी काढली’ म्हणतात. सुती पिशवी, बाजाराची पिशवी, त्याच पिशवीसारखं आपल्या शरीरातलं काही काढून ठेवलं असं त्या बोलतात. या बोलण्यात जी भयंकर सहजता आहे तिच्यापुढे कुठलीही शिवी फिकी पडेल.

तुम्ही असंही विचारलंय की अभंगाच्या, ओवीच्या चालीत लिहिलं तर ते जुनाट वाटेल का, मुक्तछंदच घ्यायला हवा का. इथे मर्ढेकरांकडे पाहा. १९३९चा ‘शिशिरागम’ वाचला तर तो त्या काळच्या हळुवार कवितेच्या बराच जवळ आहे. १९४७च्या ‘काही कविता’मध्ये तोच माणूस पिपात मेलेल्या ओल्या उंदरांबद्दल लिहितो. त्या कवितेचा छंद ऐका, मोठ्याने म्हणून पाहा. आठ-आठ मात्रांची अगदी नियमित, पाठ करायला सोपी चाल आहे. लहान मुलाला थोपटताना म्हणावी अशा लयीत मेलेले उंदीर येतात, त्यांच्या माना येतात, आणि शेवटाकडे ‘बेकलायटी’ हा बेकेलाइट नावाच्या प्लास्टिकवरून आलेला कारखान्यातला शब्द दोनदा येतो. लय ढळत नाही, म्हणूनच वाचकाला पळायला जागा मिळत नाही. त्याच संग्रहात त्यांनी अभंग आणि ओवीही यंत्रयुगाच्या कामाला लावली. म्हणजे साचा सगळ्यांच्या ओळखीचा, आणि आत ओतलेलं द्रव्य कुणी कधी न ओतलेलं. तुम्ही पुष्कळदा याच्या उलट करता. रचना मुक्त आणि शब्द ठरलेले.

आणि ओवी जुनाट कशी असेल? जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायांनी सासर, मारहाण, वांझपण, नवऱ्याची दुसरी बाई, जात, सगळं गायलंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात अशा एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. दिवसा जे बोलता येत नव्हतं ते पहाटेच्या अंधारात दोघी जात्याला बसल्या की म्हणता यायचं, कारण ते ‘गाणं’ होतं. तुमच्या आईला ओव्या येत असतील तर आधी त्या उतरवून घ्या. तुम्हाला जो धीटपणा बाहेरून आणावा लागेल असं वाटतंय तो तुमच्या आजीच्या पिढीत रोजच्या वापरात होता. ऑपरेशनवर ओवी रचून बघा. चालेल की नाही हे मला आज सांगता येणार नाही, तुमच्या कानावर अवलंबून आहे. पण आठ-दहा ओव्या रचल्यावर कळेल.

चित्रांकडे येते. पहिल्या चित्रात पाठमोरी बाई, वर चंद्र, पोटाच्या जागी लाल कमळ. दुसऱ्यात तीच बाई, कमळ गळून पडलेलं. रंगकाम स्वच्छ आहे, ब्रशवर हात बसलेला दिसतो. कमळ मात्र काढून टाका. कवितेतलं राउळ आणि चित्रातलं कमळ ही एकाच भीतीची दोन रूपं आहेत. बघणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून जखमेवर ठेवलेलं ते फूल आहे. दिवाणखान्यात लावता येईल असं चित्र झालंय ते.

नग्नतेबद्दल तुम्ही विचारलं म्हणून एक जुनी घटना सांगते. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींचं प्रदर्शन होतं. ‘लव्हर्स’ या चित्रांवर आक्षेप आला, पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितली, पदमसींनी नकार दिला, त्यांना अटक झाली, खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. लोकांच्या लक्षात अटक राहते. चित्रांकडे नीट पाहिलं तर दोन देह एकमेकांशेजारी फार शांतपणे, जवळजवळ मूर्तीसारखे उभे आहेत. डोळे वटारून ‘बघा, मी नागडं काढलं’ असं ते चित्र कुठेच म्हणत नाही. चित्रकाराला जे दाखवायचं होतं त्याला वस्त्र अडसर होतं म्हणून ते नाही, इतकंच. स्वतःला हाच प्रश्न विचारा. तुमच्या मालिकेत जे घडतं ते पोटावरच्या एका वणात घडतं. वण दाखवायला पोट उघडं लागेल. त्यापलीकडे काही उघडं करायची गरज दिसते का? मला तरी दिसली नाही. पण वण काढलात तर मात्र फूल न ठेवता काढा, टाक्यांच्या खुणा मोजता येतील इतक्या जवळून.

नागपूरचे सवी सावरकर यांची चित्रं मिळवून पाहा. गळ्यात थुंकण्याचं मडकं, मागे झाडू, अशी अस्पृश्याची आकृती ते पुन्हा पुन्हा काढतात, देवदासीही काढतात. रेषा जाड, खरखरीत, शरीराला कुठे गोंडसपणा नाही. त्यांनी ती वस्तूच मधोमध आणून ठेवली, मडकं म्हणजे मडकं. तुमच्याकडे अशा वस्तू भरपूर आहेत. कोयता आहे. कोपी, म्हणजे पाचटाची किंवा ताडपत्रीची झोपडी आहे. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणारे पाय आहेत. दवाखान्याची फाईल आहे. ऑपरेशन झालेली बाई किती दिवसांनी मोळी उचलायला लागली, हे एका चित्रात येऊ शकतं: फळी, पाय, आणि पोटावर गच्च आवळलेलं लुगडं. याला चंद्र लागत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर धीटपणा म्हणजे सगळं ओरडून सांगणं असा समज होईल. नागपुरातच जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आकृती सोडून गेले, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत राहिले, आणि बाजार काय मागतो याकडे त्यांनी पाहिलं नाही. प्रभाकर बरवे एक पान, एक घड्याळ, एखादी साधी वस्तू मोठ्या मोकळ्या जागेत ठेवून थांबत. भरून टाकायचा मोह आवरणं हेही छातीचंच काम आहे. तुमच्या मालिकेत एखादी जवळजवळ रिकामी फ्रेम असावी असं मला फार वाटतं. फक्त कोपीतली एक खाट, किंवा हजेरीच्या वहीतली एक रिकामी चौकट, जिथे आईचा खाडा लागला. बघणारा तिथे थबकेल.

कविता आणि चित्र शेजारी लावताना एक पथ्य पाळा. चित्रात जे आहे ते कवितेत पुन्हा सांगू नका. अरुण कोलटकर जे. जे.मध्ये शिकले, जाहिरात क्षेत्रात आर्ट डायरेक्टर म्हणून पोट भरलं आणि कविताही लिहिली. त्यांच्या कवितेत डोळा चित्रकाराचा आहे, पण ती चित्र समजावून सांगत बसत नाही. १९७६ साली इंग्रजीत आलेल्या ‘जेजुरी’त देवळाचा दरवाजा, पुजारी, कुत्री, स्टेशन, सगळं समोर ठेवलंय, आणि काय वाटून घ्यायचं ते वाचकावर सोडलंय. तुमच्या मालिकेत चित्राने पोट दाखवलं तर कवितेने उचलीचा हिशेब सांगावा. चित्राने कोपी दाखवली तर कवितेत डॉक्टरचा संवाद यावा.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: देवळातले शब्द आणि कमळ काढा, प्रत्येक ओळीला कर्ता द्या, वस्तू आहे तशी काढा, आणि कविता-चित्रांना एकमेकांची री ओढू देऊ नका.

आता ज्यावर मी सगळ्यात ठाम आहे ते सांगते. तुम्ही विचारलं, नातेवाईक काय म्हणतील. मी विचारते, आई काय म्हणते? पूर्ण प्रश्नात तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही की आईला ही मालिका माहीत आहे. ढसाळांनी जे पणाला लावलं ते स्वतःचं होतं. पदमसी स्वतः कोठडीत गेले. इथे पोट आईचं आहे. प्रदर्शन झाल्यावर तुम्ही शाळेत परत जाल, लोक तुम्हाला कलावंत म्हणतील, आणि आईला गावात पाणी भरताना, किराण्याच्या दुकानात बायका विचारतील, “तुझंच का गं ते?” दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या धाडसाला मी धाडस म्हणत नाही. आईला कविता वाचून दाखवा. चित्रं तिच्यासमोर मांडा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचा, मधे थांबून, समजावून. ती ‘हे नको’ म्हणाली तर ते काढा, आणि का विचारून तिला कोंडीत पकडू नका.

यातून काम मवाळ होईल ही भीती तुम्हाला वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासमोर वाचलं की ते आपल्या सुशोभित ओळी पहिल्यांदा नाकारतात. ते म्हणतात, “असं नव्हतं झालं,” आणि मग कसं झालं ते सांगतात. डॉक्टर काय म्हणाला होता ते शब्दशः सांगतात. कॅन्सर होईल अशी भीती घातली होती का, पैसे कुणी भरले, सही कुणी केली. तुमच्या कवितेत नसलेला कर्ता आईला माहीत आहे. तिने परवानगी दिली तर तिचं नाव लावायचं, की नुसतं ‘एक आई’, हेही तिलाच ठरवू द्या.

आणि हे एका घरचं दुखणं राहिलेलं नाही, हेही लक्षात असू द्या. २०१९मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तुमच्या प्रदर्शनाला येणाऱ्या कितीतरी बायांच्या लुगड्याखाली तोच वण असेल. त्यांच्यासमोर कमळ ठेवणार का, हे एकदा मनाशी ठरवा.

पोलिसांचं म्हणाल तर मी वकील नाही, पण या क्षेत्रात वावरताना जे कळलंय ते सांगते. अश्लीलतेचं कलम भारतीय दंड संहितेत २९२ होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते २९४ आहे. कलेच्या, साहित्याच्या हितासाठी असलेल्या कामाला त्यात अपवादही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये स्पष्ट केलं की एखादा तुकडा सुटा काढून पाहायचा नाही, आजच्या समाजाच्या निकषावर पूर्ण काम पाहायचं. पण निकालाच्या आधी जो त्रास होतो तो खराच असतो. मर्ढेकरांवर १९४८मध्ये खटला झाला आणि सुटका १९५२मध्ये झाली. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली, आणि २०१५मध्येही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. तिथे संपादक-प्रकाशक सुटले, कवीला मात्र खटल्याला सामोरं जा असं सांगितलं गेलं. ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तीच्या तोंडी असभ्य भाषा घातली तर निकष अधिक कडक लागतो, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

तुमच्या कामात मला अश्लीलतेचा धोका फारसा दिसत नाही. पोटावरचा वण कुणाला अश्लील वाटेल असं नाही. खरा धोका बदनामीचा आहे. डॉक्टरचं नाव, दवाखान्याची पाटी, मुकादमाचं आडनाव, यांतलं काही आलं की ती माणसं न्याय संहितेच्या ३५६व्या कलमाखाली तुमच्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतात, आणि मग तुम्हाला कोर्टात कागदांनिशी सिद्ध करत बसावं लागेल. ‘डॉक्टर’ एवढंच लिहा. कवितेचं त्यात काही उणं होत नाही, उलट प्रत्येक तालुक्यातल्या वाचकाला आपला डॉक्टर आठवतो. तुमची शाळा जिल्हा परिषदेची आहे की खासगी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सेवाशर्ती त्यानुसार बदलतात. उद्घाटनाची पत्रिका छापण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी कळवून ठेवा आणि एखाद्या वकिलाला मालिका दाखवा.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आईच्या जुन्या केस पेपरवरच थेट चित्र काढलं तर चालेल का. कल्पना उत्तम आहे, मालिकेतलं सगळ्यात जोरकस काम त्यातून होईल. पण मूळ कागदाला हात लावू नका. तो आईचा आहे, आणि पुढेमागे नुकसानभरपाईसाठी, चौकशीसाठी लागू शकतो. झेरॉक्स काढा, मोठी करून, ए-थ्री किंवा त्याहून मोठी. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत घेऊ नका. तिची शाई बहुधा पाण्याने फुटते आणि वॉश दिला की सगळं वाहून जातं. झेरॉक्सचा टोनर ओल्या ब्रशखाली टिकतो. कॉपी करतानाच दवाखान्याचं नाव, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि आईचं नाव कागदाची पट्टी ठेवून झाका. मग कागद माउंट बोर्डवर चिकटवा, मॅट अॅक्रिलिक मीडियमचा पातळ हात द्या, तो वाळला की त्यावर चारकोल छान धरतो. शेवटी फिक्सेटिव्ह मारायला विसरू नका.